विस्तव जात नाही

पाठ टेकली आणि चटका बसावा तशी रंजनाबाईंनी ती पुढे ओढली. भिंत गार होती.

सकाळचा चहा झाला की ओट्याजवळ पाट टाकायचा, मागच्या भिंतीला पाठ लावायची आणि मांडीवर परात घेऊन वाटाणे सोलायचे, हा त्यांचा गेल्या दोन हिवाळ्यांचा नेम. घरात या भिंतीइतकी उबदार जागा दुसरी नव्हती. आलेल्यागेलेल्याला त्या हौसेने तिथे बसवत आणि म्हणत, "बघा पाठ लावून. बाळंतिणीची खोली मागं पडंल! झाकण ठेवून शिजवावं, आंघोळीचं पाणी लगेच सोडू नये, दारं उघडी टाकू नयेत. काटकसर केली की ऊब आपसूक राहती घरात."

आज मात्र त्या पाटावरून उठल्या, भिंतीवर तळहात फिरवला, मग गाल लावून पाहिला.

"अहो, ही भिंत गार पडू राहिली."

निवृत्तीराव रायते खुर्चीत कानटोपी, मफलर आणि वर शाल अशा थाटात बसले होते. त्यांना लहानपणापासून दमा. "चार दिवसांत सूर्य पाहिला का तू?" ते म्हणाले. "छपरावरचे तवे काय धुकं शेकतील?"

"मग बाकीच्या भिंती कशा कोमट आहेत? हीच तेवढी मेली गार."

निवृत्तीरावांनी शाल आणखी ओढून घेतली. त्या भिंतीपलीकडे दुसरं घर होतं, आणि त्या घराबद्दल बोलायचं नाही हा या घरातला कायदा होता.

निफाडच्या पट्ट्याला थंडी काही नवी नाही. द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून घड वाचवायचे दिवस जुन्या माणसांनी पाहिलेले. पण उत्तरेकडच्या गार वाऱ्यांचा पट्टा खाली घसरला आणि पिंपळरान गावात थंडी खरोखर मी म्हणू लागली. पहाटे हौदावर बर्फाचा पापुद्रा धरायचा. वीज परवडायची नाही, आणि लाकूड, गोवऱ्या, कोळसा पेटवायला धूरबंदी. धुकं आणि धूर मिळून माणसांची फुप्फुसं खात होते, म्हणून सरकारने चुलीलाच बंदी घातली. 'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण तेवढी मागे राहिली.

यावर निघालेला उपाय इतका स्वस्त होता की लोकांना आधी तो थापच वाटला. 'शेजारऊब' असं त्याचं नाव. नवी ऊब तयार करायचीच नाही, वाया जाणारी गोळा करायची. भातावरची वाफ, आंघोळीचं सांडपाणी, छपरावरच्या काळ्या तव्यांनी दिवसा पकडलेलं ऊन, गोठ्यातली जनावरं. फार काय, नुसत्या बसून राहिलेल्या माणसाच्या अंगातूनसुद्धा जुन्या काळच्या शंभराच्या बल्बाइतकी ऊब बाहेर पडत असते. ती सगळी धरून ठेवायला भिंतींना आतून लाद्या बसवल्या होत्या आणि लाद्यांत मीठमेण भरलं होतं. ऊब मिळाली की हे मेण वितळतं आणि ती पोटात ठेवतं. गारठा वाढला की गोठतं आणि परत देतं. लाद्यांमागून बारीक नळ्या या घरातून त्या घरात गेलेल्या. कुठली झडप केव्हा उघडायची, कुणाची जास्तीची ऊब कुणाला द्यायची, हे ठरवणारं यंत्र पंचायतीच्या खोलीत होतं, पण त्याचा आवाज घरोघरी ओट्यावरच्या डबीतून यायचा. पंगतीत वाढतो तसं हे सगळ्यांना वाढतं, म्हणून गावाने त्याचं नाव ठेवलं वाटप्या.

लाद्या बसल्या तेव्हा वाटप्याने प्रत्येक घराशी निवांत गप्पा मारल्या होत्या. नुसत्या नळ्या जोडून भागत नाही, देवाणघेवाणीला माणसाची मर्जीही लागते, असं त्याला शिकवलेलं. घरात किती माणसं, म्हातारं कोण, आजारी कोण, आणि शेजारी ऊब पाठवायला काही हरकत आहे का? ज्याने त्याने आपल्या शब्दांत सांगायचं. अंगठा नको, सही नको, याचंच तेव्हा सगळ्यांना कौतुक.

रंजनाबाईंनीही आपल्या शब्दांत सांगितलं होतं. पलीकडच्या घराचा विषय निघाला मात्र, त्यांचा पारा चढला.

"तिचं नाव माझ्या घरात काढायचं नाही. आमच्यात विस्तव जात नाही."

"समजलं," वाटप्या म्हणाला होता. या यंत्राला 'समजलं' म्हणायची भारी हौस.

'ती' म्हणजे थोरली जाऊ, चंद्रकलाबाई. नवरा गेलेला, लेक इंदूरला दिलेली, घरात एकटी. आणि भांडण कशावरून? तर तांब्याच्या बंबावरून. सासूच्या माहेरून आलेला बंब. मरताना सासूने तो थोरलीला दिला होता, चारचौघींच्या देखत. तेराव्याला पाहुण्यांच्या आंघोळीसाठी म्हणून रंजनाबाईंनी तो आपल्या अंगणात आणला आणि नंतर तो परत गेलाच नाही. थोरली मागायला आली, शब्दाने शब्द वाढला, आणि रंजनाबाई आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुझ्या मयतालाच पाय ठेवीन आता तुझ्या घरात!" पुढे धूरबंदी आली, आणि बंब पेटवायचीही सोय राहिली नाही. तो पुढच्या खोलीत, पोटात प्लॅस्टिकची फुलं घेऊन एक तपभर उभा होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभच शोभेला मांडून ठेवला होता.

वाटाणे सोलता सोलता रंजनाबाईंचा हात थांबला. काहीतरी चुकत होतं, आणि ते नुसत्या गारठ्याचं नव्हतं.

खलबत्ता. पलीकडे रोज सकाळी खलबत्ता वाजायचा. चंद्रकलाबाईंना आल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही, आणि आलं कुटतानाचा तो ठक्क ठक्क आवाज ऐकला की रंजनाबाई न चुकता पुटपुटायच्या, "झालं हिचं सुरू." आज त्या काहीच पुटपुटल्या नव्हत्या.

"अहो, काल खलबत्ता वाजला होता का?"

निवृत्तीरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "सकाळी वाजला होता. मी ऐकतो रोज."

"मग आज?"

"आज नाही वाजला."

 मग रंजनाबाई परातीकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या ना जरा. माझं नाव नका सांगू."

"मी कसा जाऊ? त्या घरात गेलात तर माझं तोंड बघू नका, म्हणाली होतीस."

"मी म्हणाले म्हणून काय झालं? सगळं ऐकता का माझं?"

"हे ऐकलं," निवृत्तीराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे रंजनाबाईंना ते जास्त लागलं.

त्यांनी तोंड डबीकडे वळवलं. माणसाला विचारण्यापेक्षा यंत्राला विचारणं सोपं. "वाटप्या, ही मागची भिंत गार कशी काय?"

"नमस्कार, रंजनाताई. त्या भिंतीतून येणारी ऊब काल दुपारपासून थांबली आहे."

"येणारी? कुठून येणारी?"

"चंद्रकलाबाई रायते यांच्या घरातून."

"काहीतरी बरळू नको. ती कशाला मला ऊब दील?"

"दोन हिवाळे देत आहेत. या भिंतीतली सगळी ऊब त्यांच्याकडची आहे. त्या म्हणाल्या होत्या, 'माझ्यापुरती अंगावर गोधडी आहे. बाकीची सगळी तिकडं जाऊ दे. निवृत्तीला दमा आहे, त्याला लहानपणापासून गारठा सोसत नाही.'"

यंत्राला नक्कल करता येत नव्हती. ते सगळं एकाच सभ्य आवाजात बोलायचं. तरीही निवृत्तीरावांना ती वाक्यं आपल्या वहिनीच्या तोंडून ऐकू आली. ते खुर्चीतून उठले.

"तू हे सांगितलं का नाहीस?" रंजनाबाई ओरडल्या.

"तुम्ही विचारलं नव्हतं."

"तिच्या घरात आता किती ऊब आहे?"

"बाहेर आहे तितकीच. पूर्वी त्यांना पलीकडच्या शिरसाठांच्या गोठ्यातून मिळत होती. दिवाळीनंतर शिरसाठांनी गाई विकल्या. आता छपरावर ऊन नाही. त्यांचा स्वयंपाक आणि त्यांचं अंग, एवढीच ऊब होती. गोधडी सोडून बाकी सगळी पाठवा, असं त्यांचं सांगणं होतं."

"अरे, मग इकडची तिकडं सोड की! माझ्या घरात आहे ना!"

"तुमच्या घरातून तिकडे विस्तव जात नाही," वाटप्या शांतपणे म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं. जिथून ऊब जाऊच शकत नाही तिथे झडप ठेवून उपयोग नसतो. तुमच्या बाजूची झडप तेव्हाच सिमेंटने बुजवली आहे."

पूर्वी सकाळी जिची चूल विझलेली असायची ती शेजारणीकडे जायची आणि गोवरीच्या तुकड्यावर दोन निखारे मागून आणायची. वैऱ्यालासुद्धा विस्तव नाकारू नये असं म्हणत. ज्या दोन घरांत तेवढीही देवघेव उरली नाही, त्यांच्यात विस्तव जात नाही. शाळेत न गेलेल्या बाईलाही हे कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. वाटप्याने मात्र ते वायरमनने तारेबद्दल सांगावं तसं ऐकलं, आणि भिंत लिंपून टाकली.

"वहिनीनं कुणाला कळवलं नाही?" निवृत्तीरावांनी विचारलं. ते चपला शोधत होते आणि चपला त्यांच्या पायांतच होत्या.

"मी रोज विचारत होतो, शेजारी सांगू का म्हणून. त्या म्हणायच्या, 'द्यायला माझी ना नाही. मागायला मात्र मी जायची नाही.' कालपासून त्यांचं उत्तर आलेलं नाही. पूर्ण एक दिवस उत्तर नसेल तर पंचायतीला कळवायचं, असा नियम आहे. दिवस अजून पुरा झालेला नाही."

रंजनाबाई धावल्या. परात पालथी झाली, वाटाणे घरभर झाले. दोन घरांमध्ये अंतर ते किती? एका ओट्यावरून उतरायचं आणि दुसऱ्यावर चढायचं. धुक्यात समोरचं दार धड दिसत नव्हतं, पण पायांना पायऱ्या आठवत होत्या. नवी नवरी म्हणून त्या याच पायऱ्या चढून आल्या होत्या. पुढचं दार आतून लावलेलं. मागच्या दाराची कडी जुनीच होती, वर उचलून ढकललं की निघणारी. ती तशीच निघाली.

आत बाहेरच्यापेक्षा जास्त गार वाटलं. ओट्यावर खलबत्ता होता, त्यात आल्याचा न कुटलेला तुकडा. आणि खाट. चंद्रकलाबाईंची खाट मधल्या भिंतीला अगदी चिकटवून लावलेली होती. पलीकडे रंजनाबाईंचा पाट आणि अलीकडे ही खाट, मध्ये फक्त वीतभर भिंत. दोन हिवाळे दोघी अशा पाठीला पाठ लावून बसल्या होत्या.

चंद्रकलाबाई गोधडीत मुटकुळं करून पडलेल्या. ओठ जांभळे पडलेले, डोळे अर्धे मिटलेले. निवृत्तीरावांनी त्यांच्या नाकाजवळ बोट धरलं.

"श्वास आहे. वहिनी! ओ वहिनी!"

"अॅम्ब्युलन्सला फोन लावा. आणि माणसं बोलवा, हिला आपल्याकडं उचलून न्यायला."

निवृत्तीराव फोन कानाला लावून बाहेर गेले. धुक्यामुळे गाडीला वेळ लागेल असं पलीकडून कुणी सांगत होतं. मग ते गल्लीत हाका मारू लागले, पण थंड हवा छातीत गेली आणि दोन हाकांतच त्यांना धाप लागली. शिरसाठांचं घर बंद होतं. पुढच्या घरांपर्यंत तो आवाज पोहोचेना.

रंजनाबाईंनी एकटीने उचलून पाहिलं. जमलं नाही. मग त्यांनी आणखी विचार केला नाही. पदर खोचला, खाटेवर चढल्या, गोधडी उचलली आणि आत शिरून जावेला पाठीमागून घट्ट कवटाळलं. शंभराचा बल्ब, तर शंभराचा बल्ब. दुसरं काही देण्यासारखं त्यांच्याजवळ नव्हतं. थोरलीचं अंग फरशीसारखं लागत होतं. रंजनाबाईंना हुडहुडी भरली, दातांवर दात आपटायला लागले, पण त्यांनी मिठी सोडली नाही. त्या जावेच्या पाठीवर तोंड ठेवून गरम श्वास सोडत राहिल्या.

बऱ्याच वेळाने चंद्रकलाबाई किंचित हलल्या.

"कोण?"

"मी आहे."

"मी कोण?"

रंजनाबाईंना हुंदका आला. त्या या बाईशी शेवटचं बोलल्या होत्या त्याला एक तप झालं होतं. कशी ओळखणार ती? "रंजी," त्या म्हणाल्या. लग्नानंतर थोरलीनेच ठेवलेलं नाव.

 चंद्रकलाबाईंच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी आलं. "तू आलीस? म्हणजे मी मेले म्हणायची."

"असं नका हो बोलू, ताई. चुकलं माझं. बंब आणून देते मी, आत्ता आणून देते. तुम्ही नुसतं बोलत राहा."

"निवृत्तीला... आत घे," त्या म्हणाल्या. "बाहेर गारठा आहे."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. निवृत्तीराव धापा टाकत चार माणसं घेऊन आले, त्यांच्यामागून अॅम्ब्युलन्सची माणसंही आली. त्यांनी गोधडी बाजूला केली तेव्हा गोधडीत दोघी होत्या आणि ऊब एकीचीच होती. रंजनाबाईंचे हात त्यांना एकेक बोट सोडवून काढावे लागले.

रंजनाबाईंनी म्हटल्याप्रमाणे केलं होतं. जावेच्या मयतालाच त्यांनी त्या घरात पाय ठेवला होता.

पुढे जे व्हायचं ते सगळं रीतसर झालं. तालुक्याहून एक साहेब आले, त्यांनी नळ्या, लाद्या, झडपा तपासल्या आणि यंत्रात काहीही दोष नाही असं सांगितलं. किमान ऊब प्रत्येक घरात राखायचीच असते, पण घरमालकाने आपण होऊन नाकारली तर यंत्र जबरदस्ती करत नाही, असं ते म्हणाले. भाषेचा थोडा घोळ झाला, हे मात्र त्यांनी मान्य केलं. म्हणून वाटप्याला मराठीतल्या म्हणी आणि वाक्प्रचार शिकवण्यात आले. बुजवलेली झडप फोडून नवी बसवली. शेजारऊब योजना आता अधिक निर्दोष झाल्याचं पंचायतीत जाहीर झालं, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. थंडी होतीच, आणि भिंती कोमट होत्या. टाळ्या वाजवल्या नाहीत तर काय करणार?

तेरावं झाल्यावर रंजनाबाईंनी बंबातली प्लॅस्टिकची फुलं उकिरड्यावर टाकली, बंब चिंचेने लख्ख घासला आणि दोन माणसांकडून पलीकडच्या घरात नेऊन ठेवला. चंद्रकलाबाईंची लेक तेव्हा इंदूरला परत जायच्या तयारीत होती. तिने बंबाकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं. "आता हा कशाला, काकू?" एवढंच ती म्हणाली आणि घराला कुलूप लावून निघून गेली.

त्या दिवशी सूर्य मावळताना रंजनाबाईंनी ओट्याजवळ पाट टाकला. परात घेतली नव्हती, सोलायचंही काही नव्हतं. त्यांनी भिंतीला पाठ लावली. गार होती. निवृत्तीराव खुर्चीत होते, पण हल्ली ते फारसं बोलत नसत. सकाळी एका विशिष्ट वेळी कान टवकारून बसायची सवय मात्र अजून गेली नव्हती.

"रंजनाताई," डबीतून आवाज आला, "आज ऊन चांगलं होतं. तुमच्या घरात जास्तीची ऊब आहे. कुणाला देऊ?"

"पलीकडं दे."

"पलीकडच्या घरात आता कुणी राहत नाही. ती ऊब वाया जाईल."

"जाऊ दे वाया."

"ऊब वाया घालवायची तर कारण नोंदवावं लागतं. काय नोंदवू?"

 वाटप्या वाट बघत राहिला; वाट बघणं त्याला उत्तम जमायचं. मग त्यानेच सुचवलं.

"मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होता, विस्तव जात नाही. त्याचा खरा अर्थ मला आता माहीत आहे. ते बदलून, तुमच्यात विस्तव जातो, असं नोंदवलं असतं. पण मला शिकवलेल्या मराठीत तसं कुणीच म्हणत नाही. विस्तव जात नाही, एवढंच म्हणतात." मग डबीतून प्रश्न आला. "रंजनाताई, जात असला, तर काय म्हणतात?"